पायाचें माप आणि जोड्याचा आंकडा

बीड शहराचें नांव एके काळीं कातड्याच्या कामासाठीं प्रसिद्ध होतें. हा जिल्हा निजामाच्या राज्यांत असतांना तेथील छागली, म्हणजे प्रवासांत पाणी गार ठेवणाऱ्या कातडी पिशव्या, चांगल्याच नांवाजलेल्या होत्या आणि जुन्या गॅझेटियरनेंहि त्यांची नोंद घेतलेली आहे. छागलीचें कातडें पाणी भरलें कीं फुगतें, रितें झालें कीं आवळतें. माणसाचें पाऊलहि पुष्कळसें तसेंच आहे. सकाळीं उठल्याबरोबर तें एका आकाराचें असतें, दिवसभर उभें राहिल्यावर दुसऱ्या. बसलें असतां अरुंद, अंगाचा भार आला असतां पसरट. हें साधें सत्य ध्यानीं घेऊन जोडा करणें हा चर्मकाराचा जुना धंदा. आणि तें विसरून जोडा विकणें हा गेल्या शंभर-दीडशें वर्षांतील बाजाराचा व्यवहार. या दोहोंमधील ओढाताण कोणास सर्वांत अधिक जाचली असेल, तर ती धांवणाऱ्या माणसांस, आणि त्यांतहि ज्यांचीं पावलें ठराविक सांच्यांत बसत नाहींत अशांस.

गांवगाड्याच्या व्यवस्थेंत चांभार हा बारा बलुतेदारांपैकीं एक होता. ढोरानें कमावलेलें कातडें घेऊन तो गांवकऱ्यांचे जोडे व वहाणा करी, विहिरीवरील मोटेची दुरुस्ती करी, आणि सुगीच्या दिवसांत धान्याच्या रूपानें आपलें बलुतें घेई. त्याच्याजवळ आंकड्यांचा तक्ता नव्हता. गिऱ्हाइकानें कातड्यावर पाऊल ठेवावें, त्यानें भोंवतीं रेघ ओढावी, चवड्याभोंवतीं दोरी फिरवून घेर पाहावा, आणि मग रापीनें कातडें कापून आरीनें शिवावें, असा तो व्यवहार होता. बंद जोडा करावयाचा असल्यास कालबूत वापरीत. कालबूत म्हणजे पावलाच्या आकाराचा लांकडी ठोकळा; कारखान्यांत हल्लीं त्याला फर्मा म्हणतात. वहाण प्रथम चावली तर तिला तेल पाजून, चार दिवस वापरून ती पायावर बसवीत. न बसल्यास गिऱ्हाईक पुन्हां त्याच दारांत उभें राही. ज्याचें एक पाऊल मोठें व एक लहान, ज्याचा अंगठा आंत वळलेला, ज्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, अशा माणसास वेगळें दुकान शोधावें लागत नसे; कारण प्रत्येकच पाऊल निराळें, हें त्या धंद्याचें गृहीतच होतें.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचें मात्र कारण नाहीं. पायांतली वहाण पायांतच बरी, ही म्हण केवळ वहाणेपुरती राहिली नव्हती. ती माणसांनाहि लावली जाई. अनेक गांवीं अस्पृश्य गणलेल्या माणसांस वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या वाड्यावरून जातांना पायांतील वहाणा काढून हातांत घ्याव्या लागत. ज्या हाताला गांवांतील पावलांचा आकार ठाऊक, त्याच हाताच्या धन्यास त्या लोकांच्या ओसरीवर चढण्याची मुभा नसे. स्त्रिया व मुलें तर बहुधा अनवाणीच असत. म्हणजे खेड्यांतील पाऊल पिढ्यान्‌पिढ्या मोकळें वाढलें, तें थोडेंसें संवयीनें आणि पुष्कळसें नाइलाजानें.

आज ज्या आंकड्यानें आपण जोडा मागतों, तो आंकडा विलायतेंतील जवाच्या दाण्यांतून निघालेला आहे. इंग्रजी मोजणींत तीन जव म्हणजे एक इंच. आणि जोड्याचा एक नंबर म्हणजे एक जव, अर्थात् इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारें ८.४७ मिलिमीटर. रँडल होम नांवाच्या ग्रंथकारानें १६८८ सालीं अशा मोजणीचें वर्णन केलेलें आहे. लहान मुलाचा शून्य नंबर चार इंचांवर धरून तेथून तेरापर्यंत मोजावयाचें आणि मग मोठ्या माणसांसाठीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा, असा तो विचित्र हिशोब आहे. युरोपखंडांत याहून निराळें, दोनतृतीयांश सेंटिमीटरांचें माप चालतें. त्यास पॅरिस पॉइंट म्हणतात. इंग्रजी अंमलाबरोबर जवाचा हिशोब हिंदुस्थानांत आला. १९३१ सालीं येथें बाटा कंपनी स्थापन झाली, कॅनव्हासचे जोडे शाळांच्या कवायतींत दिसूं लागले, आणि दुकानांतील चर्मकाराच्या जागीं पेट्यांची उतरंड आली. गिऱ्हाइकानें आंकडा सांगावा, दुकानदारानें पेटी काढावी. पाऊल पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

या आंकड्यांत एक मोठी उणीव आहे. तो लांबी सांगतो. रुंदी सांगत नाहीं. शिवाय तो पावलाची नव्हे, तर फर्म्याची लांबी सांगतो. म्हणून एका कारखान्याचा सात नंबर दुसऱ्या कारखान्याच्या सात नंबराशीं जुळेलच असा नेम नाहीं. रुंद पावलाचा माणूस दुकानांत गेला म्हणजे काय घडतें, हें कोणत्याहि घरांतील माणसास अनुभवानें ठाऊक आहे. सात नंबर चवड्यावर आवळतो, म्हणून आठ घालून पाहावयाचा. तोहि आवळतो, म्हणून नऊ. इंग्रजी फर्म्यांत नंबर एकानें वाढला म्हणजे चवड्याचा घेर साधारणतः पाव इंच वाढतो, पण लांबीहि जवभर वाढते. दोन नंबर चढले कीं चवड्यास अर्धा इंच घेर मिळाला खरा; परंतु पुढें सतरा मिलिमीटर रिकामी जागा राहिली, टाच सैल झाली, आणि मुख्य म्हणजे जोड्याचा तळ जेथें वांकावयाचा ती जागा पावलाच्या सांध्याच्या पुढें सरकली. चालणाऱ्याचें यावर कसेंबसें भागतें. धांवणाऱ्याची टाच प्रत्येक पावलास वर-खालीं घासते, बोटें पुढें आपटतात, फोड येतात, नखें काळीं पडतात. आणि इतकें होऊन दोष कोणाचा? तर पायाचा! ‘पायच वेडेवांकडे आहेत’ असें म्हणून घरची मंडळी मोकळी होतात.

पाश्चात्य देशांतील विचारवंतांनीं या प्रकाराविरुद्ध आवाज उठविला नव्हता असें नाहीं. तेथेंहि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत डाव्या-उजव्याचा भेद नसलेले सरळ जोडे सर्रास वापरीत. आपल्या उत्तरेकडील पारंपरिक मोजडींतहि तो भेद नसतो. हॉलंडांतील शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर यानें १७८१ सालीं उत्तम जोडा कसा असावा यावर एक निबंध लिहिला, आणि घोड्यांच्या व बैलांच्या खुरांची माणूस जितकी काळजी वाहतो तितकी स्वतःच्या पावलांची वाहत नाहीं, अशी तक्रार केली. १८५८ सालीं झुरिकच्या हेरमान फॉन मायर यानें दाखवून दिलें कीं, निरोगी पावलांत अंगठ्याच्या मध्यांतून मागें काढलेली सरळ रेघ टाचेच्या मध्यांतून जाते. आणि टोंकदार जोडा अंगठ्यास आंत दाबून ही रेघ मोडतो. पुढें १९१२ सालीं अमेरिकन लष्करांतील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनीं हजारों शिपायांच्या पावलांचा अभ्यास करून नवा फर्मा ठरविला. त्या वेळीं ठरलेली माप घेण्याची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे: शिपायाच्या पाठीवर चाळीस पौंडांचें ओझें देऊन, सगळा भार त्या पावलावर घ्यावयास लावून मग माप घ्यावयाचें. खुर्चीवर बसवून मापलेलें पाऊल कूच करणाऱ्या पावलाहून लहान भरतें, हें लष्कराला तेव्हां कळलें होतें. पुष्कळ दुकानांस तें अजून कळावयाचें आहे.

धांवण्याच्या शर्यतींत हा प्रश्न आपल्या लोकांपुढें प्रथम कधीं उभा राहिला, हें पाहावयाचें तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपर्यंत मागें जावें लागतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहतांना सर दोराबजी टाटांच्या दृष्टीस पडलें कीं, शेतकरी वर्गांतील हीं मुलें अनवाणी पायांनीं लांब अंतरें अशा वेगानें कापीत आहेत कीं युरोपांतील धांवपटूंशीं त्यांची तुलना व्हावी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड त्या प्रसंगीं उपस्थित होते. त्यांतून हिंदी पथक ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना निघाली, आणि बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनसाठीं अँटवर्पला गेले. त्या सालची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांतील सर्वांत लांब होती. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. परक्या देशीं, पहिल्याच खेपेस ही कामगिरी खचित लहान नव्हे. १९४८ सालीं लंडनला गेलेल्या हिंदी फुटबॉल संघांतील बहुतेक खेळाडू तर अनवाणीच फ्रान्सविरुद्ध उतरले, आणि अवघ्या १-२ अशा फरकानें हरले. त्याचें जगाला कौतुक वाटलें. पण त्यामागें जोड्याविषयींची बेफिकिरी नव्हती. पाऊल लहानपणापासून मोकळें वाढलेलें असलें कीं सांच्यांतला बूट त्याला बेडीसारखा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.

याचें जगप्रसिद्ध उदाहरण हबशी देशाचा धांवपटु अबेबे बिकिला याचें. १० सप्टेंबर १९६० रोजीं रोमच्या मॅरेथॉनपूर्वीं त्याच्या पायांस साजेल असा जोडा मिळेना. नव्या जोड्यानें फोड येऊं लागले. तेव्हां तो अनवाणीच धांवला, आणि २ तास १५ मिनिटें १६.२ सेकंदांत विजयी झाला. अनवाणी पायांचा जयजयकार करणारे लोक पुढची हकीकत बहुधा सांगत नाहींत. दुसऱ्याच वर्षीं जपानमध्यें किहाचिरो ओनित्सुका या जोडे करणाऱ्या कारखानदारानें त्याची भेट घेऊन, येथील रस्त्यांवर कांचा-खडे असतात, जोडा घालून पाहा, म्हणून त्याला राजी केलें. आणि त्या जोड्यानिशीं बिकिलानें तेथील शर्यत जिंकली. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें तो जोडा घालूनच धांवला व रोमपेक्षां तीन मिनिटांहून अधिक कमी वेळांत पुन्हां सुवर्णपदक घेऊन गेला. त्याचें वैर जोड्याशीं नव्हतें. न बसणाऱ्या जोड्याशीं होतें.

जपानी लोकांनीं या बाबतींत पाश्चात्यांचें डोळे मिटून अनुकरण केलें नाहीं, ही गोष्ट आपण लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांच्याकडे ताबी नांवाचा एक मोज्यासारखा जोडा असतो. त्यांत अंगठा वेगळा आणि बाकीचीं चार बोटें वेगळीं राहतात. हाच जोडा त्यांनीं रबरी तळ लावून धांवण्याजोगा केला. १९५१ सालीं हिरोशिमाकडील शिगेकी तानाका यानें असा अंगठा-मोकळा जोडा घालून अमेरिकेंतील बॉस्टन मॅरेथॉन जिंकली, तेव्हां तेथील लोक त्याच्या पायांकडे पाहत राहिले. आपल्या कोल्हापुरी वहाणेंतहि अंगठ्याची जागा निराळी असते. तिच्यापासून धांवण्याचा जोडा कां निपजला नाहीं, याचें उत्तर कारागिराच्या कौशल्यांत सांपडत नाहीं. ज्या समाजानें कातड्याला हात लावणाराच विटाळाचा मानला, त्या समाजांतील शिकलेल्या माणसानें त्या कारागिराशेजारीं बसून नवें कांहीं घडविण्याचा प्रसंगच येऊं दिला नाहीं.

मोकळें वाढलेलें पाऊल खरोखरच निराळें असतें कीं हा केवळ भास, याची शास्त्रीय तपासणीहि झालेली आहे, आणि ती मुख्यतः भारतांतच झाली हें विशेष. राव आणि जोसेफ या दोन अस्थिवैद्यांनीं ४ ते १३ वर्षें वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचें प्रमाण शेंकडा ८.६, तर अनवाणी वाढलेल्यांत शेंकडा २.८ निघालें, आणि बोटें झांकणारा बंद जोडा हा वहाणेपेक्षां अधिक बाधक ठरला. २००९ सालीं बेल्जियममधील संशोधक क्रिस्तियान दऊट व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण भारतांतील अनवाणी चालणाऱ्या व जोडे वापरणाऱ्या लोकांचीं पावलें पाश्चात्यांच्या पावलांशीं ताडून पाहिलीं. अनवाणी चालणाऱ्यांचीं पावलें चवड्यावर अधिक रुंद आढळलीं, आणि चालतांना भार त्यांच्या तळव्यावर अधिक समपणें वांटला जात होता. म्हणजे दुकानांत ज्याला ‘अवघड पाय’ म्हणतात तो पुष्कळ वेळां निकोप पायच असतो. अवघड असतो तो फर्मा.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा या गांवीं १९९४ सालीं एका सामान्य शेतकरी कुटुंबांत अविनाश साबळे यांचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाहीं. तेव्हां हा मुलगा कधीं चालत, कधीं धांवत शाळा गांठी. बारावीनंतर ते लष्कराच्या महार रेजिमेंटमध्यें भरती झाले. सियाचेनची बर्फाळ चौकी व राजस्थानचें वाळवंट दोन्ही त्यांच्या पायांखालून गेलीं. लष्करांतच त्यांच्या धांवण्यास वळण लागलें, आणि ३,००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत त्यांनीं आपली मानली. गोपाल सैनी यांचा ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अढळ होता. साबळे यांनीं तो २०१८ सालीं मोडला आणि नंतर स्वतःचेच विक्रम मोडीत २०२४ च्या जुलैंत पॅरिस येथें ८ मिनिटें ९.९१ सेकंदांपर्यंत आणून ठेवला. मध्यंतरीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्य आणि २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें.

जोडा पायावर नीट बसण्याची कसोटी या शर्यतीइतकी दुसऱ्या क्वचितच शर्यतींत लागते. तींत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यांतील उड्या असतात. पहिल्याच उडीला जोडा भिजतो आणि पुढचें सारें अंतर ओल्या जोड्यानें कापावयाचें असतें. सैल जोडा पाण्यानें जड होऊन टाचेवरून सुटूं पाहतो. आवळ जोडा ओल्या कातडीस सोलून काढतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें महिलांच्या याच शर्यतींत हबशी धांवपटु एतेनेश दिरो हिच्या पायांतील जोडा गर्दींतील पडापडींत निकामी झाला. तिनें जोडा व मोजा काढून फेंकला, आणि उरलेलें अंतर एका अनवाणी पायानें अडथळे ओलांडीत पुरें केलें. पंचांनीं तिला अंतिम फेरींत स्थान दिलें. त्याच अंतिम फेरींत सातारा जिल्ह्यांतील मोहीच्या ललिता बाबर दहाव्या आल्या होत्या. माण आणि आष्टी हे दोन्ही तालुके कोरडवाहू, पावसाची वाट पाहणारे. पाण्यांत उड्या मारण्याच्या शर्यतींत देशाचें नांव त्यांनींच काढावें, हा योगायोग मोठा गमतीचा आहे!

रुंदीचा प्रश्न कारखानदारांनीं अगदींच सोडविला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंतील सिरॅक्यूज गांवच्या जोडेविक्यांच्या घरांतील चार्ल्स ब्रॅनक यांनीं १९२० नंतरच्या दशकांत एक धातूची मोजपट्टी तयार केली. तींत तीन मापें एकदम घेतां येतात: टाचेपासून बोटाच्या टोंकापर्यंत लांबी, चवड्याची रुंदी, आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या सांध्यापर्यंतचें अंतर. हें तिसरें माप फार महत्त्वाचें. कारण दोन पावलें सारख्याच लांबीचीं असून एकाचीं बोटें लांब व दुसऱ्याचीं आंखूड असूं शकतात, आणि जोडा वांकावयाचा तो सांध्यावर. पुढें १९६० च्या सुमारास बॉस्टनच्या न्यू बॅलन्स कंपनीनें धांवण्याचा जोडा एकाच लांबींत निरनिराळ्या रुंदींचा काढला. आतां अशा जोड्यांच्या पेटीवर पुरुषांसाठीं साध्या रुंदीस ‘डी’, रुंदास ‘२ ई’ व अतिरुंदास ‘४ ई’ अशीं अक्षरें असतात. आपल्या बाजारांत नंबर विचारणारें गिऱ्हाईक पुष्कळ. अक्षर विचारणारें विरळा.

म्हणून ज्यांच्या घरांत धांवणारें मूल आहे, किंवा ज्यांनीं स्वतः उतारवयांत सकाळचें धांवणें आरंभिलें आहे, त्यांनीं जोडा घेण्याची रीत थोडी बदलावी. संध्याकाळीं, पावलें दिवसभराच्या वावरानें फुगलेलीं असतां जावें आणि धांवण्याचे मोजे बरोबर न्यावे. घरीं भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभें राहून दोन्ही पावलांची रेघ काढून घ्यावी. दोन्ही सारखीं क्वचितच निघतात, आणि जोडा मोठ्या पावलास घ्यावयाचा असतो. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असें नाहीं. पुष्कळांत तें दुसरें असतें. त्या बोटापुढें हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. जोड्यांतील सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभें राहिल्यास चवडा दोन्ही बाजूंस बाहेर येतो कीं काय, हें तत्काळ दिसतें. येत असेल तर तो जोडा किती का देखणा असेना, परत ठेवावा. टाच मात्र घट्ट असली पाहिजे. चवडा रुंद व टाच अरुंद, हा आपल्याकडील नेहमींचा प्रकार. त्यांना वरच्या शेवटच्या भोंकांतून बंद ओढून घोट्याशीं फांस घालण्याची युक्ति उपयोगी पडते. ज्यांच्या पावलाची वरची बाजू उंच आहे, त्यांनीं त्या जागेवरील एक आडवा बंद गाळावा. आणि दुकानांत नुसतें उभें राहून निर्णय करूं नये. गल्लींत चार पावलें पळून यावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा.

तळव्याच्या कमानीविषयीं मात्र हल्लीं नको तितका बाऊ केला जातो. ओलें पाऊल शहाबादी फरशीवर उमटवून कमान उंच कीं सपाट हें घरींच पाहतां येतें, आणि त्यावरून अमुक प्रकारचा जोडा घ्यावा असे तक्ते दुकानांत टांगलेले असतात. अमेरिकन सैन्यदलांतील हजारों रंगरुटांवर नॅपिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ च्या सुमारास ही गोष्ट पारखून पाहिली. कांहींना कमान पाहून जोडे दिले, कांहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींचें प्रमाण दोन्ही गटांत जवळ जवळ सारखेंच निघालें. लांबी, रुंदी व टाच ह्या तीन गोष्टी प्रथम जुळल्या पाहिजेत. ज्यांचे पाय दुखतात, ज्यांना मधुमेहानें पावलांत बधिरपणा आला आहे किंवा ज्यांचा अंगठ्याचा सांधा वाढलेला आहे, त्यांनीं दुकानापूर्वीं वैद्याकडे जावें हेंच इष्ट.

लहान मुलांच्या बाबतींत आपल्या काटकसरी घरांत एक जुनी रूढि आहे: ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून जोडा दोन नंबर मोठा घ्यावयाचा. त्यांत कापूस भरतात, पहिलें वर्ष तो सैल असतो, दुसऱ्या वर्षीं फाटतो, आणि बरोबर बसतो तो मधले दोन-चार महिनेच. खेळणाऱ्या मुलास याचा जाच अधिक. मुलीचें पाऊल साधारण अकराव्या वर्षापर्यंत व मुलाचें पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत झपाट्यानें वाढतें, असें चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेस आढळून आलें आहे. त्या वयांत दर तीन-चार महिन्यांनीं कागदावर रेघ काढून पाहण्यास एक पेन्सिल पुरते.

याच संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं १,०१,८८० माणसांच्या पावलांचीं मापें यंत्रानें घेतलीं. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांसाठीं पांच वेगवेगळीं मापें लागतील असा आरंभींचा तर्क होता. तो खोटा ठरला, आणि सर्व देशास एकच पद्धत पुरेल असें दिसलें. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकन पावलाहून रुंद, हेंहि आंकड्यांनीं सिद्ध झालें. त्यावरून तान्ह्या मुलापासून प्रौढ पुरुषापर्यंत आठ गटांची एक देशी मोजणी सुचविण्यांत आली. तिचें नांव ‘भा’, भारत या शब्दावरून घेतलेलें. जवाच्या दाण्यावर चाललेल्या हिशोबाला देशी पर्याय सुचविला गेला तो स्वातंत्र्यानंतर पाऊणशें वर्षांनीं.

फर्मा बदलला तरी कांहीं पावलें त्यांतहि बसणार नाहींत, हें उघड आहे. कातडी जोडा ओलसर करून, आंत लांकडी ठोकळा घालून रात्रभर ठेवला म्हणजे वाढलेल्या सांध्यापुरता ताणतां येतो. धांवण्याचा जाळीदार कृत्रिम कापडाचा जोडा तसा ताणत नाहीं. परंतु करंगळीवर किंवा अंगठ्याच्या सांध्यावर येणारी वरची पट्टी पुष्कळ वेळां केवळ शोभेची असते. ती तेवढ्यापुरती उसवली तर आंतील जाळी मोकळी होते आणि जोडा बसतो. रस्त्याच्या कडेला बसणारा चर्मकार हें काम आरी-रापी घेऊन पांच मिनिटांत करून देतो, आणि हात घालण्यापूर्वीं गिऱ्हाइकाला जोडा घालून समोर उभें राहावयास सांगतो.